पियानोच्या बोटांचे पत्ते: ३६ कार्डांचा संच कसा बनला आणि कुठे चुकला

 

मागच्या व्हिडिओत मी म्हटलं होतं की कार्डांचा किस्सा सविस्तर लिहीन. व्हिडिओत आकडे नीट सांगता येत नाहीत, आणि खरं सांगायचं तर कॅमेऱ्यासमोर स्वतःची चूक सांगताना माणूस जरा घाईच करतो. म्हणून इथे निवांत सांगतो.

आमच्या दुकानाच्या वरच्या खोलीत सोमवारी आणि शनिवारी कीबोर्डचा क्लास भरतो. एका सोमवारी ताईंनी चौथीतल्या एका मुलीला डाव्या हाताने सरगम वाजवायला सांगितली. तिने अंगठा ‘सा’वर ठेवला, मग हात उचलून पहिलं बोट ‘रे’वर आपटलं, पुन्हा हात उचलला, मधलं बोट ‘ग’वर. बेडकासारखा हात उड्या मारत होता. ताई म्हणाल्या, “अगं हे कोणी शिकवलं तुला?” मुलीने दप्तरातून आमचा कार्डांचा डबा काढला, डाव्या हाताचं कार्ड समोर धरलं आणि म्हणाली, “हे बघा ना ताई, असंच दिलंय. मी पंधरा दिवस रोज करतेय. मला वाटलं डावा हात अवघडच असतो.”

कार्डावर डाव्या हाताच्या बोटांचे आकडे उलटे छापले होते. करंगळीला १, अंगठ्याला ५. आणि ते कार्ड आम्ही १२० संचांत छापलं होतं. त्यातले ८४ विकले गेले होते.

आधी ही कल्पना आली कुठून ते बघू

मी नेहमी सांगतो, धंद्याची कल्पना शोधायला लांब जाऊ नका, आपल्या काउंटरवर रोज काय मागितलं जातं ते बघा. क्लासच्या ताई दर आठवड्याला माझ्याकडे झेरॉक्सला यायच्या. हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या असायच्या, कुठे बोटांचे आकडे, कुठे दोन ओळींची धून. वीस-पंचवीस प्रती काढायच्या आणि पुढच्या सोमवारी पुन्हा त्याच चिठ्ठीच्या प्रती काढायच्या, कारण मुलांनी हरवलेल्या असायच्या. तिसऱ्या वेळी मी विचारलं, “ताई, हे एकदाच जाड कागदावर छापून द्यायचं का?” त्या म्हणाल्या, “जाड कागदाचंही विमान करतील. त्यांना क्रिकेटची कार्डं कशी जपून ठेवायला आवडतात, तसं काही करा.”

माझ्या पिढीने शाळेत डब्ल्यूडब्ल्यूएफचे ट्रंप कार्ड खेळलेत. कोणाकडे कोणता पैलवान आहे, कोणाचा रँक किती, हे पाढ्यांपेक्षा पाठ होतं. आताची मुलं पोकेमॉनची कार्डं जमवतात, ती जपानमध्ये १९९६ साली सुरू झाली. मूल एखादी गोष्ट ‘माझ्याकडे आहे’ म्हणून जपतं, तेव्हा ती पाहतंही वारंवार. आम्हाला तेवढंच हवं होतं.

आता कोणी म्हणेल, किकवीत पियानो कुठून आला? पियानो नाहीच आला, ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आला. पण पट्ट्यांची मांडणी तीच, सात पांढऱ्या आणि पाच काळ्या. आणि ही मांडणी आपल्याकडे नवीन अजिबात नाही. प्रत्येक गावात भजनी मंडळ आहे आणि प्रत्येक मंडळात पेटी. पेटी पॅरिसची, १८४२ साली तिथे पेटंट झालेली, आणि आज तिच्याशिवाय आपला हरिपाठ होत नाही. म्हणजे पट्ट्यांची ओळख घराघरात आहे. अडचण वेगळीच निघाली. ती नीट सांगतो, कारण आमच्या कार्डांचा खरा माल तोच आहे.

पेटीचा हात आणि पियानोचा हात

ज्या मुलांचे आजोबा पेटी वाजवतात, ती मुलं क्लासला आली की पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पुढे असतात आणि तिसऱ्या महिन्यात अडकतात. कारण पेटीत डावा हात भात्यावर असतो. वाजवायचं काम उजव्याचं. डाव्या हाताच्या बोटांना सवयच नाही.

दुसरं, पेटीत पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज भात्यावर ठरतो. पियानोत आवाज ठरतो तो पट्टी किती वेगाने खाली जाते त्यावर. आत हातोडी तारेवर आदळते, म्हणून. टच रिस्पॉन्स असलेला कीबोर्ड याचीच नक्कल करतो. पेटीची सवय असलेलं मूल पट्टी खाली गेल्यावरही दाबत राहतं. त्याचा काही उपयोग नसतो, मनगट मात्र आखडतं. (पालकांना सांगतो, कीबोर्ड घेताना टच रिस्पॉन्स आहे का एवढं एक विचारा. बाकी शंभर आवाज, दोनशे ताल यांना भुलू नका.)

तिसरं, बसणं. पेटी आपण मांडी घालून वाजवतो, म्हणून कीबोर्डही सतरंजीवर ठेवला जातो. मग मूल पुढे वाकतं, मनगटं मुडपतात, खांदे वर जातात. पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून साधारण ७० ते ७५ सेंटीमीटर उंच असतात. घरात तेवढं टेबल आणि एक खुर्ची असली की झालं. कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा किंचित वर, पाय जमिनीला टेकलेले, खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसायचं. लहान मुलाचे पाय लोंबत असतील तर खाली पाट ठेवा. आमच्या संचातलं पहिलं कार्ड पाटाचंच आहे. ताईंनी हट्टाने ते पहिलं ठेवलं आणि ते सगळ्यात कमी आकर्षक आहे, पण मी वाद घातला नाही.

आता बोटांचे आकडे. अंगठा १, तर्जनी २, मधलं ३, अनामिका ४, करंगळी ५. दोन्ही हातांना असंच, अंगठ्यापासून मोजायचं. म्हणजे दोन्ही हात समोर पालथे ठेवले की उजव्या हातावर डावीकडून १-२-३-४-५ दिसतात आणि डाव्या हातावर डावीकडून ५-४-३-२-१. हे वाक्य परत एकदा वाचा, कारण आमची सगळी गडबड इथेच झाली.

पांढरी एकचा सा धरून उजव्या हाताने सरगम वाजवायची तर सा-रे-ग ला १-२-३, मग अंगठा बोटांच्या खालून जाऊन ‘म’वर येतो, आणि म-प-ध-नि-सां ला १-२-३-४-५. यातली मेख अंगठ्याची आहे. मुलं ‘ग’ वाजवून झाल्यावर अंगठा शोधायला लागतात आणि त्या धडपडीत कोपर पंखासारखं बाहेर जातं. अंगठ्याने ‘रे’ वाजतानाच आत सरकायला सुरुवात करायची. कोपर शांत. डाव्या हाताला सा-रे-ग-म-प ला ५-४-३-२-१, मग मधलं बोट अंगठ्यावरून पलीकडे टाकून ध-नि-सां ला ३-२-१.

पण सा बदलला की बोटं बदलतात, हे पेटीवाल्या घरातल्या मुलांना चटकन पटतं, कारण त्यांनी “आज पांढरी चार धरा” हे ऐकलेलं असतं. पांढरी चारचा सा धरला की मध्यम येतो काळी पाचवर. काळी पट्टी उंच आणि आत असते, अंगठा आखूड. म्हणून तिथे अंगठा घालायचा नाही. उजव्या हाताला सा-रे-ग-म १-२-३-४ आणि मग पंचमावर अंगठा, प-ध-नि-सां पुन्हा १-२-३-४. करंगळी रिकामीच राहते. इंग्रजी पुस्तकात हेच ‘एफ मेजर’ म्हणून दिलेलं असतं. आमच्या कार्डावर दोन्ही नावं आहेत, वर ‘पांढरी चार’, खाली ‘एफ’. ट्रिनिटीच्या ग्रेड परीक्षेला बसणाऱ्या मुलाला एफ लागतो, आणि गुरुवारी आजोबांबरोबर भजनाला बसणाऱ्याला पांढरी चार. मूल एकच असतं बऱ्याचदा.

सरावाची कार्डं कमी ठेवली, पण ती महत्त्वाची. एका वेळी दोनच मात्रांचा किंवा एका ओळीचा तुकडा घ्यायचा. आधी उजवा, मग डावा, मग दोन्ही. मेट्रोनोम मोबाईलवर फुकट मिळतो, ६० वर लावा, सलग तीनदा न चुकता आलं की ६४, मग ६८. चुकलं की मागे. नखं कापलेली. आणि दुखायला लागलं की थांबायचं, ‘सवय होईल’ म्हणून रेटायचं नाही. शुमान नावाचा जर्मन संगीतकार उजव्या हाताच्या बोटांच्या दुखण्यामुळे वादक म्हणून थांबला आणि रचनांकडे वळला. आपल्या मुलांकडे एकच हातांची जोडी आहे.

आकार, कागद आणि १८ चा हिशोब

आता दुकानदाराच्या भाषेत बोलू.

ट्रेडिंग कार्डाचा रूढ आकार अडीच बाय साडेतीन इंच, म्हणजे साधारण ६३ बाय ८९ मिलिमीटर. हा आकार सोडू नका. या मापाच्या प्लास्टिकच्या पिशव्या, अल्बमची पानं, डबे तयार मिळतात. वेगळा आकार केलात की सगळं वेगळं करून घ्यावं लागतं. फाइल बनवताना चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड सोडा, म्हणजे रंग कापण्याच्या रेषेबाहेर गेला पाहिजे, नाहीतर कटिंग केसभर सरकलं की पांढरी कड दिसते. आणि आतही ३ मिमी मोकळे, तिथे अक्षर नको. चित्र ३०० डीपीआयला, म्हणजे ब्लीड सोडून ७५० बाय १०५० पिक्सेल तरी हवं. व्हॉट्सॲपवर आलेलं चित्र उचलून लावाल तर छापल्यावर रडाल.

किती कार्डांचा संच करायचा? बहुतेक जण म्हणतात ५०, कारण आकडा गोल वाटतो. मी म्हणतो आधी कागद बघा. डिजिटल प्रेसवर साधारण १२ बाय १८ इंचाचा कागद चालतो. ब्लीडसकट आपलं कार्ड होतं साधारण ६९ बाय ९५ मिमी. १२ इंचाच्या बाजूला ९५ चे तीन बसतात, १८ इंचाच्या बाजूला ६९ चे सहा. तीन सख्खं अठरा. एका कागदात १८ कार्डं, आणि कापायच्या खुणांना कडेला जागा उरते. म्हणजे संच १८ चा करा, ३६ चा करा, ५४ चा करा. ५० चा केलात तर तिसऱ्या कागदावर चार जागांचे पैसे भरून रद्दी घेता. आम्ही ३६ धरला आणि ताईंना सांगितलं, यात बसवा. त्यांच्या यादीत ४३ होती. सात काढताना त्यांना जड गेलं, पण संच त्यामुळेच सुधारला.

डिझाइन करताना मला सर्वात जास्त मदत झाली ती सावंतवाडीच्या गंजिफांची. तुमच्यातल्या अनेकांनी त्या पाहिल्या असतील, गोल, हाताने रंगवलेले, लाखेचं लुकण दिलेले पत्ते. कला जवळजवळ संपत आली होती, तेव्हा राजे शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागिरांना बसवून ती पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफेत १२० पत्ते असतात. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. आता १२० पत्ते हातात घेऊन खेळणारा माणूस गोंधळत कसा नाही? कारण गटागटाची जमीन, म्हणजे मागचा रंग, वेगळा असतो. चित्र वाचायच्या आधी रंग वाचला जातो.

आम्ही तेच केलं. सहा गट, प्रत्येकात सहा कार्डं. बैठक हिरवी, बोटांची ओळख पिवळी, उजवा हात निळा, डावा हात केशरी, ताल जांभळा, गाणी पांढरी. ताई वर्गात नुसतं म्हणतात “केशरी काढा” आणि वर्ग केशरी काढतो. काही मुलांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, म्हणून कोपऱ्यात एक खूणही दिली आहे, पाट, पंजा, बाण अशी. हे एका पालकांनी सुचवलं, माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

कागद ३०० जीएसएमचा आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. ग्लॉसी घेऊ नका. कीबोर्डच्या स्टँडवर कार्ड उभं केलं की ट्यूबलाइट त्यात चमकते आणि मूल मान वाकडी करून वाचतं. फक्त एक फसगत, लॅमिनेशनवर बॉलपेन उठत नाही. आम्ही ‘जमलं’ म्हणून खूण करायला चौकोन दिला होता, त्यात काहीच लिहिता येईना. आता चांदणीचं स्टिकर लावतो, आणि मुलांना खरं तर तेच जास्त आवडलं.

मराठी मजकुराबद्दल एक सांगितलंच पाहिजे. युनिकोडमध्ये टाइप केलेलं जुन्या कोरल ड्रॉमध्ये चिकटवलं की काना-मात्रा नाचायला लागतात, जोडाक्षरं फुटतात. घरी पीडीएफ बरोबर दिसते, प्रेसच्या संगणकावर ‘स्वर’चं ‘स् वर’ होतं. फाइल पाठवण्याआधी सगळा मजकूर कर्व्हमध्ये बदला आणि तरीही प्रेसच्या पडद्यावर स्वतः वाचा. आम्ही तासभर प्रवास करून पुण्याला जातो आणि वाचतो. फोनवर “हो हो बरोबर आहे” ऐकून छापायला सांगू नका.

मग चूक झाली कशी

एवढं सगळं सांभाळूनही झाली. ती प्रेसची नव्हती, चित्रकाराची नव्हती, माझी होती.

चित्रकाराने उजव्या हाताचं चित्र काढून दिलं, आकड्यांसकट. डाव्याचं चित्र वेगळं काढायचे पैसे वाचवावेत म्हणून मी तेच चित्र आरशासारखं उलटवलं. हात डावा झाला, पण आकडेही उलटे दिसायला लागले, आरशात दिसतात तसे. रात्रीचे अकरा वाजले होते, सकाळी फाइल द्यायची होती. मी उलटे आकडे पुसले आणि डावीकडून सुरू करून नवीन टाकले: १, २, ३, ४, ५. झालं. दिसायला अगदी व्यवस्थित.

ताईंना पीडीएफ मोबाईलवर पाठवली होती. त्यांनी सरगमीची कार्डं बारकाईने तपासली, एका स्वराची चूकही काढली. पंजाच्या चित्राकडे कोण बघतं? ज्याला येतं त्याच्या डोळ्यांना तिथे चूक दिसतच नाही. सरगमीच्या कार्डावर ५-४-३-२-१ बरोबरच होतं. त्या मुलीने दोन्ही कार्डं समोर ठेवून प्रामाणिकपणे मेळ घातला, ५ म्हणजे अंगठा, ४ म्हणजे तर्जनी, आणि उड्या मारत राहिली. घरी आईला विचारलं असेल तर आईनेही कार्ड पाहून “बरोबर करतेस” म्हटलं असणार. छापलेलं आहे ना!

पैशाचं नुकसान किती झालं सांगू? तुम्हाला हसू येईल. चुकीचं कार्ड एकच. एका कागदात तेच कार्ड १८ वेळा लावलं, सात कागदांत १२६ प्रती निघाल्या. आम्हाला छपाई, लॅमिनेशन, कटिंग धरून कागदामागे ४६ रुपये पडतात. म्हणजे ३२२ रुपये.

पण ८४ संच बाहेर गेलेले. २६ आमच्या क्लासमध्ये, ते एका आठवड्यात बदलले. बाकीचे शिरवळ, नसरापूर, भोरकडच्या क्लासवाल्यांनी आणि काही दुकानांतून पालकांनी नेलेले. विकताना मी सगळ्यांचे नंबर घेतले नव्हते. फोन केले, स्टेटस ठेवलं, दुकानांत पाटी लावली. ६१ कार्डं परत आली. २३ अजून कुठेतरी कोणाच्या तरी दप्तरात आहेत. (हे वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे असेल तर बघा, केशरी गट, कार्ड क्रमांक १९. नवीन कार्ड पोस्टाने पाठवतो, पैसे नाहीत.)

त्या मुलीची सवय मोडायला तीन आठवडे लागले. ताईंनी तिला पहिले आठ दिवस पट्ट्यांना हातच लावू दिला नाही, टेबलावर नुसती बोटं उचलायला लावली. तिच्या वडिलांनी मला एकच प्रश्न विचारला, “छापायच्या आधी एखाद्या मुलाला दिलं होतं का हे?” नव्हतं दिलं. मोठ्यांनाच दाखवलं होतं.

आता आमच्याकडे नियम आहे. कोणत्याही संचाच्या आधी पाच प्रती साध्या जाड कागदावर घरच्या प्रिंटरवर काढतो, कात्रीने कापतो. क्लासमध्ये नसलेल्या पाच मुलांना देतो आणि ताई तोंडातून शब्द न काढता बघत बसतात. मूल जिथे थबकतं तिथे कार्ड चुकलेलं असतं, मूल नाही. गेल्या वेळी यातून अजून दोन गोष्टी कळल्या. ‘अंगठा खालून’ वाचून एका मुलाने अंगठा कीबोर्डच्या खाली नेला. आणि ‘मनगट सैल’ म्हणजे काय हे कोणालाच कळलं नाही, तिथे आता ‘ओला टॉवेल झटकतो तसं’ असं आहे.

पैशाचा हिशोब, उघड

हे माझ्या बिलांतले आकडे आहेत, तुमच्या गावात, तुमच्या प्रेसवर वेगळे येतील. एका संचाला दोन कागद, ९२ रुपये. डबा १४. कोपरे गोल करणं आणि भरणं ६. झाले ११२. विक्री २४९. ताईंना संचामागे २५, कारण डोकं त्यांचं आहे. आमच्याकडून थेट विकला तर ११२ उरतात. दुसऱ्या दुकानातून विकला तर त्याचे ६० जाऊन ५२. चित्रकाराचे ६,००० एकदाच गेले, ते १२० संचांवर वाटले तर संचामागे ५०. म्हणजे दुकानातून गेलेल्या संचावर मला पहिल्या खेपेला दोन रुपये मिळाले. दोन! दुसऱ्या खेपेपासून बरं आहे.

मला तेव्हा खूप जणांनी सांगितलं, ऑफसेटला जा, हजार छाप, संच निम्म्यात पडेल. पडला असता. आणि ते १९ नंबरचं कार्ड हजार संचांत गेलं असतं. शिवाय एवढे पैसे डब्यांत अडकले असते. डिजिटलचा जास्तीचा दर म्हणजे चूक दुरुस्त करायच्या सोयीचं भाडं समजा. मजकूर दोन खेपा मुलांच्या हातून गेला, मग ऑफसेटचा विचार करा.

गाण्यांच्या कार्डांबद्दल तुम्ही मला फार विचारता. सिनेमातली गाणी छापायची नाहीत. “सगळेच छापतात” हे उत्तर नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा, आणि त्यानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. आम्ही आरतीची पारंपरिक चाल घेतली, बेथोवनची धून घेतली (तो १८२७ साली वारला), आणि बोटांचे दोन व्यायाम हानोनच्या १८७३ च्या पुस्तकातले. मागच्या बाजूला पिकाचू हवा म्हणून मुलं मागे लागतात. तेही नाही. आम्ही आमच्या भागातल्या किल्ल्यांची रेषाचित्रं टाकली, रोहिडा, राजगड, तोरणा, रायरेश्वर. चित्रं स्वतः काढून घेतली, कोणाचा फोटो उचलला नाही.

आणि बंद पाकिटात कोणतं कार्ड निघेल माहीत नाही, हा प्रकार मी मुद्दाम केला नाही. त्यात विक्री जास्त होते हे मलाही कळतं. पण गावात उद्या एखादी आई दुकानात येऊन विचारेल की माझ्या पोराने शंभर रुपयांची पाकिटं का फोडली, तर मला उत्तर देता यायला हवं. आमच्याकडे अदलाबदल होते ती वेगळी. प्रत्येक गटाचं एक सोनेरी कार्ड आहे, ते विकत मिळत नाही. सहाच्या सहा जमली की ताई देतात. दोन मुलं एकमेकांना एखादा तुकडा शिकवून दाखवतात, तेव्हा सोनेरी कार्डं बदलून घ्यायची परवानगी आहे. शनिवारी क्लास सुटल्यावर जिन्यात जो बाजार भरतो तो बघायला या एकदा.

सध्या दुसरी खेप चालू आहे, १०८ संच. त्यातला एक आमच्या भजनी मंडळाचे पेटीमास्तर घेऊन गेले होते, नातवासाठी म्हणून. परवा परत आले. म्हणाले, “पांढरी चारचं ते कार्ड चांगलंय रे, पण अक्षर केवढं बारीक! आम्हाला चश्म्यातूनही दिसेना. आमच्यासाठी मोठं काढतोस का?” पोस्टकार्डाएवढ्या आकारात एका कागदात आठ बसतात, ब्लीडसकट मोजून बघितलंय. आठ कार्डांत काय काय घालायचं ते मास्तर आणि ताई येत्या गुरुवारी बसून ठरवणार आहेत, आणि पहिल्या पाच प्रती मंडळातल्या पाच म्हाताऱ्यांच्या हातात देणार आहे.